रविवारी भोंगा नसतो

सोमवार, १ फेब्रुवारी १९६०

कमलाकांत मास्तर म्हणाले, रोज चार ओळी लिहीत जा रामदास, अक्षर वळेल. मी विचारलं, काय लिहू? म्हणाले, जे कुणाला सांगत नाहीस ते लिही. मी वाचणार नाही, फक्त पान भरलेलं लांबून दाखव.

मास्तर गिरगावचे, जुने मुंबईकर. ऑफिस सुटलं की आमच्या चाळीत येऊन रात्रीचा वर्ग घेतात. मी गावाला तिसरीपर्यंत शिकलो, तेही पावसाळा सोडून. कुणाला सांगत नाही असं माझ्याकडे काय आहे? दमलो आहे, एवढंच. ते तर सगळ्यांना दिसतं.

गुरुवार, ४ फेब्रुवारी

दोन दिवस काही लिहिलं नाही. पाळीवरून आलो की बोटं पेन्सिल धरत नाहीत.

मी कार्डिंग खात्यात बदली कामगार; कुणी गैरहजर असला की बाबुराव जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, मला त्याच्या जागी लावतो. कार्डिंग म्हणजे कापूस पिंजून त्याचा पेळू काढतात ते खातं. आत हवा दिसते. म्हणजे खरंच दिसते, धुक्यासारखी. सुटताना केस, भुवया, पापण्या सगळं पांढरं. सीताराम म्हणतो, आमचा रामा सकाळी जातो तो पोरगा आणि दुपारी येतो तो आजोबा. सीताराम माझ्या खोलीतला, माझ्याच गावचा. आमच्या जलशात ढोलकी त्याची असते.

जलशाचं लिहिलं पाहिजे. मुंबईत माझं असं तेवढंच आहे.

शनिवार, ६ फेब्रुवारी

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीच्या मागे मोकळी जागा आहे. तिथं संध्याकाळी तालीम. बुधाजीतात्या तुणतुणं धरतात आणि गाणीही तेच रचतात. सीताराम ढोलकीवर, मागे ओळ परत उचलून झील धरायला चौघं, आणि पुढे मी. धर्मांतर झाल्यापासून आम्ही गण म्हणत नाही. आधी बुद्धवंदना, मग जलसा.

आमच्याकडे पेटी नाही. होती, पण मंडळात भांडण झालं तेव्हा दुसरा गट घेऊन गेला. तेव्हापासून आमचा सूर पलीकडच्या गिरणीचा. संध्याकाळचा भोंगा व्हायच्या आधी सगळे गप्प बसतात. भोंगा खालून घसरत वर येतो आणि एका जागी टेकतो. तो टेकला की तात्या तुणतुण्याची खुंटी पिळतात, टिंग टिंग करत त्याच्याशी जुळवतात. त्यावर सीताराम ढोलकी चढवतो. भोंगा बंद पडतो, तुणतुणं चालू राहतं, आणि मी सुरू करतो. नवीन माणसाला हसू येतं. पण एवढी मोठी पेटी मुंबईत दुसऱ्या कुठल्या मंडळाकडे आहे?

सोमवार, ८ फेब्रुवारी

आज छाती आवळली होती. कुणी टॉवेल पिळावा तशी. काल रविवारी मी सीतारामबरोबर भायखळ्याला बर्फाचा गोळा खाल्ला, त्याचंच. गोळा बंद.

तालमीला घसा बसला. तात्या बघत होते. नंतर जवळ येऊन हळूच विचारलं, "सोमवारी जास्त होतं काय रे?"

मी म्हणालो, "काय जास्त?"

"काही नाही," म्हणाले आणि तुणतुणं पिशवीत घातलं.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

जेवण कमळाकाकीकडे. कमळाबाई म्हणजे तात्यांची बायको. खोलीतच खानावळ चालवते, आम्ही आठ-दहा जण पंगतीला असतो. काकी माझ्या ताटात गुळाचा खडा ठेवते. सगळ्यांना नाही, फक्त मला आणि तात्यांना. सीताराम म्हणाला, "काकी, मी काय सावत्र?" काकी म्हणाली, "तुला कशाला? तू साल्या विहिरीत पडलास तरी बडबडत वर येशील." सगळे हसले. मला बरं वाटलं. गाणाऱ्याला घरात थोडा मान असतो.

रविवार, २१ फेब्रुवारी

आज मास्तरांनी मला गिरगावात नाटकाला नेलं. संगीत नाटक. त्यांच्या घरच्या कुणाला यायचं नव्हतं म्हणून एक तिकीट जास्त होतं. इस्त्रीचा शर्ट सीतारामचा, चपला मास्तरांच्या नजरेला पडू नयेत म्हणून पाय खुर्चीखाली.

काय सांगू. गाणारा बुवा माझ्या बापाच्या वयाचा. पण सूर लावला की सगळं थेटर पुढे सरकतं. एकच पद लोकांनी तीन वेळा म्हणायला लावलं, आणि तिन्ही वेळा ते निराळं झालं. रंगमंचाच्या समोर, खाली, एक माणूस पायपेटी वाजवतो. बुवाने तोंड उघडायच्या आधी सूर तिथं हजर. घसा खवखवला तर आत गरम पाणी तयार असतं म्हणे.

मी मास्तरांना सांगितलं, आमच्याकडे पायपेटीच्या जागी गिरणी आहे. मास्तर खूप हसले. मग म्हणाले, "पण रामदास, तो माणूस बुवाचा घसा बघून सूर बदलतो. गिरणी बदलते का?"

तिसऱ्या अंकात मला झोप लागली. मास्तर म्हणाले, आवडलं नाही वाटतं. आवडलं म्हणूनच लागली. पण असं सांगितलं तर कोण खरं मानणार?

सोमवार, २२ फेब्रुवारी

छाती आवळली. काल गोळा खाल्ला नव्हता. नाटकाच्या थंड पंख्याचं असेल.

शुक्रवार, ४ मार्च

तात्या आज तालमीनंतर मला घेऊन शिवडीच्या दिशेने चालत गेले. चालताना दोनदा थांबले. मला म्हणाले, "शिवडीला बंदरावर कमळीचा भाऊ लोखंडाच्या गोदामात मुकादम आहे. त्याला माणूस पाहिजे. तू जा."

मी म्हणालो, "आणि गिरणी?"

"गिरणी राहील तिथं. ती कुठं जाते?"

"तात्या, बाबुराव जॉबर म्हणालाय, मेमध्ये मला कायम करतो. चार वर्षं बदलीत काढली मी. आता जाऊ?"

"गाणं चांगलं आहे तुझं," तात्या म्हणाले. "खातं सोड."

मला राग आला. लोखंड उचलून उचलून माणूस वाकतो, तो संध्याकाळी गाणार काय? आणि मी तालमीला आलो नाही तर पुढे कोण उभं राहणार? खोलीवर सीताराम म्हणाला, अरे म्हाताऱ्याला सहन होत नाही. चळवळीच्या सुरुवातीला तात्या हातगाडीवर उभे राहून गात. तीन चाळींपलीकडे ऐकू जाई. त्यांच्यासाठी लोक थांबत. नंतर आवाज गेला. कुणी म्हणतं मोर्च्यात घोषणा देऊन गेला, कुणी म्हणतं हातभट्टीने. आता लोक माझ्या नावाने शिट्ट्या मारतात. लागत असेलच माणसाला.

तात्यांना मी कधी प्यालेलं पाहिलं नाही, पण त्याआधीचं मला काय माहीत?

रविवार, १३ मार्च

परळला एका गावमंडळाचं नाटक पाहिलं. नायिका म्हणजे स्पिनिंगमधला एक पैलवान. साडी उत्तम नेसला होता, पण अश्रू पुसताना दंडाची बेटकुळी दिसली आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "वैनी, भावोजींना मारू नका." तोही हसला आणि मग परत रडायला लागला. मी पोट धरून हसलो, आणि त्या हसण्यातूनच खोकला सुरू झाला. बाहेर जाऊन बसावं लागलं. आतल्या टाळ्या बाहेरून ऐकल्या.

मंगळवार, २२ मार्च

बाबुराव जॉबरला म्हणालो, मला साच्याच्या खात्यात टाका ना, विणायला. तिकडे हवा बरी असते. तो दातात काडी घालून म्हणाला, "तिकडे धोटा भरताना सूत तोंडाने ओढावं लागतं. तुमचं तोंड लागलेलं सूत बाकीच्यांना चालेल का? तुला चांगलं माहीत आहे, उगाच कशाला विचारतोस?"

मला माहीत होतं. तरी विचारलं. का विचारलं ते कळत नाही.

पुढे तो म्हणाला, "कार्डिंगमध्ये राहा. मेमध्ये कायमचा पास देतो. राजा होशील."

शुक्रवार, १५ एप्रिल

लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

काल जयंतीचा कार्यक्रम झाला. मैदानात माणूस मावत नव्हता. बायका गच्चीवर, पोरं खांबांवर. कार्यक्रम भोंग्याच्या वेळेला धरूनच लावला होता. भोंगा टेकला, तात्यांनी खुंटी पिळली, वंदना झाली. पहिली दोन गाणी उत्तम. मग तात्यांचं नवं गाणं:

उघड मुंबई दार, आम्ही आलो गं राबून
तुझ्या धुराचं काजळ या डोळ्यांत लावून

‘दार’वर सूर वर जातो आणि तिथं थांबायचं असतं. मी वर गेलो आणि तिथं काहीच नव्हतं. तोंड उघडं, आवाज नाही. जिना चढताना शेवटची पायरी नसावी तसं झालं. मग फाटकं काहीतरी बाहेर आलं आणि खोकला.

तात्यांनी तुणतुणं एकदम जोरात केलं आणि झीलवाल्यांना डोळ्यांनी खुणावलं. त्यांनी ओळ उचलली. गाणं पडलं नाही. पण पुढच्या रांगेला कळलं. पुढच्या रांगेतलं एक पोर माझ्यासारखं तोंड उघडून दाखवत होतं.

सोलकढी बंद. लोणचं बंद. गावाहून बोटीने आलेल्या माणसाबरोबर आईने सोलं पाठवली होती, ती सीतारामला दिली. काकी म्हणाली दृष्ट लागली असेल, आणि मीठ-मोहरी उतरायला निघाली. तात्या तिला म्हणाले, "आता कसली दृष्ट काढतेस? ते सगळं सोडलं ना आपण." काकी म्हणाली, "मग दुसरं काय काढू? जे काढायला पाहिजे ते निघतंय का?" काकीने मीठ-मोहरी परत डब्यात टाकली. माझ्यावरून त्यांच्यात भांडण व्हावं, याचं वाईट वाटलं.

मंगळवार, १९ एप्रिल

मंडळाची बैठक झाली. एक मेला महाराष्ट्र होतोय, मुंबई आपल्याला मिळाली. रविवार येतो, गिरण्या बंद. मैदानात संध्याकाळी आमचा जलसा. सगळ्या चाळी येणार.

चिटणीस म्हणाले, "नायगावचा एक गाणारा आहे, त्याला पुढे करू. रामदासला विश्रांती देऊ." त्यांचं चूक नव्हतं.  मला वाटलं, तात्या लगेच हो म्हणतील.

तात्या म्हणाले, "रामाच गाईल."

"आणि परत तसं झालं तर?"

"नाही होणार. ते माझ्यावर."

मला समजलं नाही. ज्याला माझं गाणं खुपतं तो असं का म्हणेल? सीताराम म्हणाला, अरे तू पडावास सगळ्यांसमोर, म्हणून. असेल. पण तात्यांचा चेहरा तसा नव्हता.

गुरुवार, २८ एप्रिल

तालमीत मी ‘दार’ झीलवाल्यांवर सोडतो. तात्या वाजवत राहतात. रविवारी मात्र मीच म्हणणार, असं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हण की. गळा तुझा आहे."

झोप पुरत नाही. पाळीहून येतो तेव्हा माझ्या जागेवर दुसऱ्या पाळीचा माणूस झोपून गेलेला असतो, सतरंजी गरम असते. मी तिच्यावर पडतो आणि कानात मशिनी चालू राहतात. कधी वाटतं, मी मुंबईला गाण्यासाठी आलो होतो की गिरणीसाठी? आलो होतो पोटासाठी. गाणं मध्येच सापडलं.

रविवार, १ मे

झाला कार्यक्रम. लगेच लिहून टाकतो, उद्या पाळी आहे.

आज गिरण्या बंद, भोंगा नाही. हे मला स्टेजवर चढेपर्यंत सुचलंच नव्हतं. चाळीचाळीवर दिव्यांच्या माळा, पोरं फटाके लावतायत, आणि मी तात्यांना विचारतो, "सूर कुठून घेणार?"

म्हणाले, "इतकी वर्षं ऐकतोय. डोक्यात आहे माझ्या."

त्यांनी तुणतुणं छेडलं. मला लगेच खटकलं. खाली होतं. बरंच खाली. मी त्यांच्या कानाशी म्हणालो, "तात्या, भोंगा एवढा खाली नसतो." त्यांनी ऐकलंच नाही, वाजवत राहिले. सीतारामची ढोलकी पडली ती नेमकी त्याच सुरावर. आता काय करणार? समोर हजार डोकी. सुरुवात केली.

गाताना लागलं नाही कुठं. ‘दार’ आलं, वर गेलो, तिथं पायरी होती. थांबलो. पाहिजे तेवढा थांबलो. एकदाही खोकलो नाही.

पण गाणं आमच्या जलशासारखं वाटलं नाही. मांडीवर घेऊन म्हटल्यासारखं वाटलं. आपलं राज्य आलं आणि आम्ही असे हळू. शिट्ट्या पडल्या नाहीत. लोक गप्पच बसले. पुढच्या रांगेतला एक म्हातारा कामगार टोपी काढून गुडघ्यावर धरून बसला होता, संपल्यावरही तसाच बसला होता. गच्चीवरच्या बायका पदर तोंडाला लावून होत्या. टाळ्या उशिरा आल्या, आणि मग थांबेनात.

मास्तर गिरगावहून आले होते. माझा हात हातात घेऊन उभे राहिले. मी म्हणालो, म्हाताऱ्याने सूर चुकवला. मास्तर म्हणाले, "तुला पायपेटीवाला सापडला, रामदास." मग निघून गेले.

तात्यांचे कान गेले आता. वय झालं. उद्या बोललं पाहिजे.

सोमवार, २ मे

छाती इतकी आवळली की मशिनीचा खांब धरून उभा राहिलो. बाबुराव जॉबर पाठीवर थाप मारून गेला, म्हणाला, "काल छान गायलास म्हणे. पंधरवड्यात तुझा पास करून घेतो."

संध्याकाळी तालीम नव्हती. मी आपला खोलीबाहेर बसलो होतो. पलीकडचा भोंगा झाला. टेकला. सवयीने मी मनात ‘दार’ धरलं, आणि मग तोंडाने. पोचलो नाही. काल जिथं थांबलो होतो ती जागा भोंग्यापासून किती खाली होती ते आज कळलं.

सीताराम आत भाकरीचा डबा उघडत होता. मी म्हणालो, "काल तात्यांनी खाली लावलं तेव्हा तुझी ढोलकी बरोबर कशी जुळली? तू तर चढवली नाहीस."

तो म्हणाला, "शनिवारीच उतरवून घेतली होती त्यांनी. दोऱ्या ढिल्या करून घेतल्या. तासभर ठोकत बसलो दोघं. मला म्हणाले, रामाला बोलू नको, त्याला मोठेपणा वाटतो त्या भोंग्याचा."

मी तात्यांच्या खोलीकडे गेलो.

ते दारात बसले होते, खोकल्याची उबळ येऊन गेली असावी, डोळे ओले होते, आणि घशातला कापूस उतरायला काकीचा गुळाचा खडा चघळत होते. सोमवारच होता. मला आज पहिल्यांदा दिसलं की त्यांच्याही पापण्यांवर कापूस होता. ते अजून आमच्याच खात्यात झाडू मारतात, हे मला रोज माहीत असतं. मी कधी बघितलं नव्हतं.

मी म्हणालो, "काल सूर खाली दिलात."

"वय झालं रे. कान गेले."

"तात्या."

त्यांनी बाहीने पापण्यांवरचा कापूस पुसला.

मी विचारलं, "गळा परत येतो?"

"माझा नाही आला."

"खातं सोडून किती दिवस झाले होते?"

"सोडलं कुठं?" ते म्हणाले. "चार पोरं होती पाठीशी. मीपण म्हटलं, कायम तर होऊ दे आधी."

आतून काकीने भांडं जरा जोरात ठेवलं.

मी म्हणालो, "शिवडीला अजून माणूस पाहिजे आहे का?"

तात्या म्हणाले, "विचारतो." आणि मग, "लोखंडाने पाठ जाते, हे पण ऐकून ठेव. उगाच नंतर मला शिव्या देशील."

मंगळवार, १० मे

चार दिवस झाले शिवडीला. बाबुराव जॉबर म्हणाला, मूर्ख आहेस. सीतारामही तेच म्हणाला, पण माझा डबा त्यानेच उचलून गोदामापर्यंत आणून दिला पहिल्या दिवशी. अंग एवढं दुखतं की शर्ट काढताना कळवळतो. खांद्यावर लोखंडाचा गंज, तो घामाने पाठीवर उतरतो. गेटावर रोज बोलावतील तेव्हाच काम. आईला काय सांगू ते ठरलं नाही. वाटतं, चूक केली. उद्या परत वाटेल. कालही वाटलं होतं.

आजही तालमीला पोचायला उशीर झाला. शिवडीहून चालत येईपर्यंत भोंगा सुरू झालेला. सगळे बसले होते. भोंगा वर आला, टेकला. तात्यांच्या हातात तुणतुणं होतं, पण खुंटीला त्यांनी हात लावला नाही.

मी म्हणालो, "जुळवा की."

"जुळलंय," तात्या म्हणाले.

भोंगा बंद पडला. तुणतुणं त्याच रविवारच्या जागेवर वाजत राहिलं. मी खाली बसूनच म्हटलं, उभं राहवत नव्हतं. आवाज घोगरा आहे अजून. राहीलही तसाच. झीलवाल्यांना सवय नाही, एक जण अजून वरच जातो.

जेवायला बसलो. काकीने सगळ्यांना वाढलं. गुळाचा खडा तिने तात्यांच्या ताटात ठेवला, माझ्या ताटापाशी येऊन थोडी थांबली आणि डबा झाकून पुढे गेली.